तापालाही असते लक्ष्मणरेषा

थर्मामीटरमधील पारा १०२ अंशांच्या पुढे सरकू लागला, की घरातील वातावरण बदलते. कपाळावर थंड पाण्याच्या पट्ट्या येतात, ‘ताप डोक्यात जाईल’ अशी धास्ती वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात आणि औषधाच्या पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच ती दिली जाते. या धावपळीच्या मुळाशी एक समजूत असते. ताप वेळीच उतरवला नाही, तर तो चढतच जाईल आणि शेवटी मेंदूला इजा करील, अशी ती समजूत होय. शरीरक्रियाविज्ञानाने या समजुतीला दुजोरा दिलेला नाही. जंतुसंसर्गामुळे येणारा ताप शरीर स्वतः निर्माण करते, स्वतःच त्याचे नियमन करते आणि त्याला वरची मर्यादाही स्वतःच घालून देते. ही मर्यादा सर्वसाधारणपणे ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. संसर्गाचा ताप ती क्वचितच ओलांडतो.

तापाची ही यंत्रणा समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. ताप किती चढला याच्या चिंतेत ताप कशामुळे आला हा प्रश्न मागे पडतो आणि उपचारांतील बहुमोल वेळ निघून जातो. भारतीय वैद्यकाने ज्वराला रोगांमध्ये अग्रस्थान दिले होते. चरकसंहितेतील निदानस्थानाचा पहिलाच अध्याय ज्वराचा आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ताप हा स्वतंत्र रोग नसून शरीराने रोगाला दिलेले उत्तर आहे.

९८.६ चे गूढ

निरोगी माणसाचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट असते, हे शालेय वयापासून पाठ झालेले वाक्य जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांच्या कार्यातून आले. लाइपझिग येथील रुग्णालयात त्यांनी हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी ठेवल्या आणि १८६८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ३७ अंश सेल्सिअस हा सरासरी आकडा तेव्हापासून रूढ झाला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील फिलिप मॅकोवियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ निरोगी व्यक्तींच्या तोंडातील तापमानाची तपासणी केली, तेव्हा सरासरी ९८.२ अंश भरली.

प्रत्यक्षात कोणताही एकच आकडा सर्वांना आणि सर्व वेळी लागू पडत नाही. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि सायंकाळी सर्वांत जास्त असते. या दोन टोकांत निरोगी माणसातही साधारणपणे अर्धा अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडा अधिक फरक पडतो. संध्याकाळ झाली की ताप वाढतो, हा घरोघरीचा अनुभव बऱ्याच अंशी या दैनंदिन लयीशी निगडित आहे. म्हणूनच डॉक्टर सामान्यतः १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हणतात. थर्मामीटरवर ९९ दिसले, तर त्याला ताप म्हणता येत नाही.

ताप चढतो कसा?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. शरीराच्या तापमानाचे नियंत्रण तेथून होते. त्वचेतील आणि शरीराच्या अंतर्भागातील संवेदकांकडून येणारी माहिती येथे गोळा होते. येथील काही चेतापेशी खुद्द मेंदूकडे येणाऱ्या रक्ताच्या उष्णतेनेही उत्तेजित होतात. ठरलेल्या पातळीपेक्षा शरीर गरम झाले, तर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. शरीर थंड पडले, तर त्याच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि स्नायू थरथरू लागतात.

जंतू शरीरात शिरले, की पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. या प्रथिनांच्या प्रभावाने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार होते. ते हायपोथॅलॅमसमधील चेतापेशींवर परिणाम करते आणि तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. पातळी ३७ वरून ३९.५ अंशांवर गेली, तर ३७ अंशांचे शरीर मेंदूला थंड वाटू लागते. अंगावर शहारा येतो, हातपाय गार पडतात, दातांवर दात आपटतात, रुग्ण पाय पोटाशी घेऊन पांघरुणात शिरतो. हुडहुडी भरणे याचा अर्थ शरीर नव्या पातळीपर्यंत पोहोचण्यासाठी उष्णता साठवीत आहे. पातळी गाठली, की थंडी थांबते. त्या वेळी अंग तापलेले असते, पण थरथर नसते.

ताप हा बिघाड नसून वरच्या पातळीवरचे नियमन आहे, हा विचार जर्मन वैद्य कार्ल लिबरमायस्टर यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. तापलेल्या रुग्णाचे शरीर मुद्दाम थंड केले, तर ते पुन्हा त्याच उंचीवर येण्याचा प्रयत्न करते, हे त्यांचे निरीक्षण होते. बर्फाच्या पाण्याने अंग पुसल्यावर काही मिनिटांतच रुग्ण कुडकुडू लागतो, त्याचे कारण हेच आहे.

चढत्या तापाला लगाम

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन ड्यूबॉइस यांनी १९४९ मध्ये एक साधा, पण मार्मिक प्रश्न विचारला होता. १०६ अंशांवरील ताप इतका विरळा का? रोग वेगवेगळे, जंतू वेगवेगळे, रुग्णांची प्रकृती वेगवेगळी, तरीही तापाची कमान बहुधा याच रेषेच्या आत थांबते. याचा अर्थ शरीरात तापाला आवर घालणारी यंत्रणा असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील दशकांत या यंत्रणेचे अनेक पदर उलगडत गेले.

यातील पहिला पदर मेंदूतच आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात कीथ कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० च्या दशकात असे आढळले, की प्रसूतीच्या सुमारास मेंढ्यांना ताप आणणारी द्रव्ये टोचली, तरी त्यांचे तापमान फारसे वाढत नाही. या निरीक्षणाचा माग काढताना व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाकडे लक्ष वेधले गेले. मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्याचा संदेश देणारे हे संप्रेरक मेंदूच्या विशिष्ट भागात स्रवले, तर तापाची कमान खाली आणते. मेलॅनोसाइट-उत्तेजक संप्रेरकाच्या अल्फा प्रकारातही असाच तापशामक गुण दिसून आला. शरीराची ही जणू घरचीच औषधे होत. ती बाधित नसलेल्या प्राण्याचे नेहमीचे तापमान फारसे घटवीत नाहीत. त्यांचा प्रभाव मुख्यतः तापावर पडतो.

दुसरा पदर अधिवृक्क ग्रंथींचा आहे. ताप आणणारी इंटरल्युकिनेच हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल स्रवण्याचा आदेश देतात. कॉर्टिसॉल वाढले, की पांढऱ्या पेशींकडून इंटरल्युकिनांची निर्मिती मंदावते आणि प्रोस्टाग्लँडिनही कमी तयार होते. आग लावणाऱ्यानेच अग्निशमन दलालाही वर्दी द्यावी, असा हा प्रकार आहे.

तिसरा पदर रक्तातला आहे. इंटरल्युकिन-१ पाठोपाठ त्याचीच जागा अडविणारे एक प्रथिनही शरीर तयार करते. ते पेशींवरील ग्राहकाला चिकटते, पण कोणताही संदेश देत नाही. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला रक्तातच पकडून ठेवणारे विद्राव्य ग्राहक मोकळे सोडले जातात. इंटरल्युकिन-१० हे तर दाह शमविणारेच प्रथिन आहे. याशिवाय वाढलेल्या तापमानामुळे पेशींमध्ये उष्माघात-प्रथिने म्हणून ओळखली जाणारी संरक्षक प्रथिने तयार होतात. ती पेशीतील इतर प्रथिनांना विस्कटण्यापासून वाचवतात आणि दाहाचे संदेशही क्षीण करतात. याखेरीज, रक्त जसजसे तापते तसतसे हायपोथॅलॅमसमधील उष्णतासंवेदी पेशींचे उत्तेजन वाढते आणि उष्णता बाहेर टाकण्याचा दाब निर्माण होतो.

थोडक्यात, तापाचा प्रवेगक आणि गतिरोधक एकाच वेळी कार्यरत असतात. एकीकडे प्रोस्टाग्लँडिन पातळी वर ढकलते आणि दुसरीकडे ही सारी द्रव्ये ती खाली ओढतात. ताप कुठवर जाईल, हे या रस्सीखेचीतून ठरते.

घाम सुटतो तेव्हा

जंतूंचा जोर ओसरला, की इंटरल्युकिनांची आणि त्यामागोमाग प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटते. तापमानाची ठरलेली पातळी पुन्हा ३७ अंशांकडे येते. मग तापलेले शरीर मेंदूला गरम वाटू लागते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, पांघरूण नकोसे होते आणि दरदरून घाम फुटतो. घामाच्या बाष्पीभवनाने उष्णता वाहून नेली जाते आणि ताप उतरतो.

थंडी, ताप आणि घाम या तिन्ही अवस्था हिवतापात जितक्या ठळकपणे दिसतात, तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतात. इटलीतील कामिलो गोल्जी यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले, की हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशी फोडून एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा थंडी वाजते. प्लास्मोडियम व्हायवॅक्स या प्रकारात हे चक्र सुमारे ४८ तासांचे असते. त्यामुळे एक दिवसाआड ताप भरतो आणि मधल्या काळात रुग्णाला बरे वाटते. मराठीतील ‘हिवताप’ या शब्दात या साऱ्या क्रमाची नेमकी नोंद आहे.

ताप कशासाठी?

मौल्यवान ऊर्जा खर्चून शरीर ताप का निर्माण करते, याचे एक उत्तर सरड्यांनी दिले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्याचा अभ्यास केला. सरड्याला स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही. तो उन्हात किंवा सावलीत जाऊन तापमान सांभाळतो. जिवाणू टोचल्यावर हे सरडे आपणहून अधिक उष्ण जागा निवडतात, असे आढळले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उष्ण तापमानात ठेवलेले बाधित सरडे थंड तापमानात ठेवलेल्यांपेक्षा अधिक संख्येने जगले. पुढच्याच वर्षी सोडियम सॅलिसिलेट हे तापशामक देऊन केलेल्या प्रयोगात, ज्यांचा ताप दबला ते सरडे दगावले.

वाढलेल्या तापमानात पांढऱ्या पेशी अधिक चपळपणे बाधित जागी पोहोचतात. सर्दीच्या विषाणूंची वाढ नाकातील सुमारे ३३ अंशांच्या थंडाव्यात उत्तम होते. तापमान चढले, की ती मंदावते. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन रक्तातील लोहाचे प्रमाण घटवते आणि जिवाणूंची उपासमार होते. ऑस्ट्रियाचे युलियस वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मेंदूत शिरलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून तापाने उपचार केले आणि त्यासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. प्रतिजैविके आल्यावर ही धोकादायक पद्धत मागे पडली.

तापाची किंमतही मोजावी लागते. तापमान एक अंश सेल्सिअस वाढले, की शरीराची प्राणवायूची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते. नाडी जलद होते, पाणी घटते, स्नायू झिजतात. तरुण, सुदृढ शरीर हा भार काही दिवस सहज पेलते; हृदयविकाराच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला तो जड जातो. निसर्गाने तापाला मर्यादा घातली, त्यामागे हा हिशेबही आहे.

उष्माघात म्हणजे ताप नव्हे

हा फरक ध्यानात न घेतल्यास जिवावर बेतू शकते. तापात हायपोथॅलॅमसने पातळी उंचावलेली असते. नियंत्रण शाबूत असते. उष्माघातात पातळी ३७ अंशांवरच असते, पण बाहेरची किंवा श्रमाने निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता संपते. येथे कोणतीही लक्ष्मणरेषा नसते. तापमान १०६ च्या पुढे जाऊ शकते आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना खरोखरच इजा होते. प्रोस्टाग्लँडिनचा संबंधच नसल्याने पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही. रुग्णाला सावलीत नेणे, कपडे सैल करणे, अंगावर गार पाणी टाकून वारा घालणे आणि तातडीने रुग्णालयात पोहोचवणे हाच उपाय होय. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हातील कार्यक्रमानंतर उष्माघाताने झालेल्या मृत्यूंनी या संकटाचे गांभीर्य महाराष्ट्राने अनुभवले आहे. मेंदूतील रक्तस्रावाने हायपोथॅलॅमसलाच इजा झाली, तर किंवा भूल देण्याच्या काही औषधांच्या दुर्मीळ दुष्परिणामातही तापमान असेच बेलगाम वाढू शकते.

मुलांचा ताप आणि आकडी

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी दोन ते पाच टक्के मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, हे खरे. तथापि, साधी तापाची आकडी बहुधा काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला कायमची इजा करीत नाही. ताप उतरवणारी औषधे वेळच्या वेळी दिल्याने पुढच्या आजारपणात आकडी टळते, असेही अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. आकडी आली असता मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पहिल्याच वेळी आकडी आली असेल, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे. ती पाच मिनिटांहून अधिक टिकली, तर थेट रुग्णालय गाठावे.

पालकांच्या या अवास्तव धास्तीला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये ‘तापाचा भयगंड’ असे नाव दिले. या भयापोटी औषधाचा डोस वाढवला जातो किंवा दोन औषधे आलटून पालटून दिली जातात. त्यातून होणारा अपाय तापापेक्षा मोठा ठरू शकतो.

औषध केव्हा?

ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. म्हणजेच तापाचे औषध जंतूंशी लढत नाही. ते केवळ तापमानाची पातळी खाली आणते. संसर्गाची शंका असलेल्या, अतिदक्षता विभागातील सुमारे ७०० रुग्णांवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पॅरासिटामॉल दिल्याने अतिदक्षता विभागाबाहेरचे दिवस लक्षणीय वाढले नाहीत. तसेच त्याने अपायही झाला नाही. तात्पर्य, औषध द्यावे ते रुग्णाला आराम मिळावा म्हणून. थर्मामीटरवरील आकडा सुधारण्यासाठी नव्हे. तापात खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाला झोपेतून उठवून गोळी देण्याचे कारण नाही.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे. मुलांमध्ये ही मात्रा वजनावर ठरते. एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असते. नकळत दुहेरी मात्रा पोटात जाऊन यकृताला इजा होऊ शकते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर भारतात २०११ मध्ये बंदी घालण्यात आली. अंग पुसायचेच झाले, तर कोमट पाण्याने पुसावे. बर्फाने हुडहुडी भरते आणि रुग्णाचा त्रासच वाढतो.

आकड्यापेक्षा रुग्णाकडे लक्ष

पावसाळ्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हिवताप, डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिस एकाच वेळी डोके वर काढतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पसरली होती. या आजारांत केवळ ताप दाबून घरी बसणे महागात पडते. डेंगीत तर धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप ओसरतो आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी अथवा अस्वस्थता दिसल्यास ‘ताप तर गेला’ म्हणून निश्चिंत राहू नये. डेंगीची शंका असताना ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश ताप आला, तरी डॉक्टरांकडे त्वरित न्यावे. या वयात संरक्षणव्यवस्था अपरिपक्व असते आणि गंभीर संसर्गाचे ताप हे एकमेव लक्षण असू शकते. याउलट वृद्धांमध्ये फुप्फुसदाहासारख्या आजारातही ताप चढेलच असे नाही. तेव्हा ताप नाही म्हणजे आजार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. मान ताठरणे, शुद्ध हरपणे, असंबद्ध बोलणे, श्वास लागणे, लघवी कमी होणे, अंगावर जांभळे ठिपके उठणे किंवा तीन दिवसांनंतरही ताप न हटणे, यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यकीय सल्ला घेण्यात विलंब करू नये. थर्मामीटरवर आकडा १०१ असो वा १०४, ही लक्षणे अधिक महत्त्वाची आहेत.

तापाचा वेग आणि त्याची उंची आवरण्याचे काम शरीर बहुतेक वेळा चोख बजावते. ताप कशामुळे आला हे शोधण्याचे, पाणी आणि विश्रांती पुरवण्याचे आणि धोक्याची चिन्हे ओळखण्याचे काम मात्र शरीर स्वतः करू शकत नाही. ते घरच्यांनी आणि डॉक्टरांनीच करावयाचे असते.